उचल आणि कृपा

आजचे शास्त्रवाचन: अनुवाद २६:१-११
सोबत वाचा: योहान ४:१-३०, लूक १७:११-१९



इंग्लंडहून परत येऊन मला आता दीड वर्ष होईल. आई-बाबा इथे सोनपेठला असतात. आईच्या आजारपणामुळे तिथली नर्सची नोकरी सोडून मी आले. तेव्हापासून एक प्रश्न मला उपासनेनंतर, लग्नात, एसटीत, सगळीकडे विचारला जातो. माझ्या मावशीने तो सर्वांत सरळ विचारला. "देवाने एवढी कृपा केली होती तुझ्यावर, मग परत कशाला आलीस गं?"

मावशीच्या मनात काही वाईट नाही. पण तिच्या प्रश्नात जी समजूत आहे, ती आपल्या सगळ्यांच्याच बोलण्यात असते. व्हिसा मिळाला की कृपा झाली. पगार पाउंडात किंवा दिरहममध्ये येऊ लागला की कृपा वाढली. परत आलो की कृपा आटली. आपल्या साक्षीसुद्धा अशाच असतात, "देवाने मला जर्मनीला नेलं", "देवाने मला दुबईचं दार उघडलं". दार त्यानेच उघडलं, हे खरंच आहे, आणि त्यासाठी त्याचे उपकार मानलेच पाहिजेत. पण मग ज्या भावाचा व्हिसा तीनदा नाकारला गेला, त्याचं काय? तो कृपेच्या बाहेर राहिला का?

आणि दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्याला खरंच भरपूर मिळालं, त्याने त्या उपकाराचं करायचं काय? आजचा शास्त्रभाग ह्याच प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणून तो आपण सावकाश पाहू या.

टोपली, गोष्ट आणि पंगत

अनुवादाचा २६वा अध्याय म्हणजे पहिल्या पिकाच्या अर्पणाची रीत. आपल्या मंडळ्यांमध्ये सुगीची उपासना होते, त्याचं मूळ अशाच भागांत आहे. इस्राएल लोक अजून वचनदत्त देशाच्या बाहेर आहेत. मोशे त्यांना सांगतो की तुम्ही त्या देशात जाऊन राहाल, पेराल, पीक येईल, तेव्हा काय करायचं. त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली, टोपली. जमिनीच्या सगळ्या पिकांतलं पहिलं काढायचं, टोपलीत घालायचं आणि देव निवडील त्या ठिकाणी घेऊन जायचं. घरचं सगळं भागल्यावर उरलेलं न्यायचं, असं इथे म्हटलेलं नाही.

दुसरी, गोष्ट. टोपली ठेवून गप्प परत यायचं नाही, तोंडाने बोलायचं. आणि काय बोलायचं? माझा पूर्वज भटकणारा अरामी होता. थोडक्या माणसांनिशी तो मिसरात गेला, तिथे उपरा म्हणून राहिला. तिथल्या लोकांनी आम्हांला छळलं, आम्ही देवाचा धावा केला, त्याने आमचं ऐकलं, आम्हांला इथे आणलं, आणि आता त्याने मला दिलेल्या जमिनीचं हे पहिलं पीक मी आणलं आहे.

ह्यातली सर्वनामं नीट बघा. सुरुवात "तो" ने होते, मध्ये "आम्ही" येतं आणि शेवटी "मी". बोलणारा माणूस कदाचित मिसर सोडल्यानंतर कित्येक पिढ्यांनी जन्मलेला असेल. त्याने विटा थापलेल्या नाहीत. तरी भरली टोपली हातात असताना तो स्वतःला उपऱ्यांच्या रांगेत उभा करतो.

तिसरी, पंगत. अकराव्या वचनात सांगितलं आहे की देवाने दिलेल्या सगळ्या चांगल्या गोष्टींचा आनंद कर, तू, लेवी आणि तुझ्यामध्ये राहणारा उपरी. लेव्याला जमिनीत वाटा नव्हता आणि उपऱ्याचं तर गावात कोणीच नव्हतं. म्हणजे ज्यांच्या नावावर सातबारा नाही, ते दोघे ह्या जेवणाला हवेतच.

आता एक गोष्ट लक्षात आली का? ह्या सगळ्यात "फेडणे" हा शब्द कुठेच नाही. देवाने जमीन दिली म्हणून तिची किंमत हप्त्याहप्त्याने परत कर, असं मोशे सांगत नाही. आण, सांग आणि वाढ, एवढंच.

उचल म्हणजे काय

हा फरक आमच्या भागात एका शब्दाने चटकन समजतो. पुण्या-मुंबईत वाढलेल्यांसाठी थोडं खुलासेवार सांगते.

सोनपेठ परभणी जिल्ह्यात, बीडच्या सीमेलगत आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, ज्वारी आणि पाणी असेल तिथे ऊस. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ह्या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं ऊस तोडायला बाहेर पडतात, कोणी कोल्हापूर-सांगलीकडे, कोणी कर्नाटकात. आमच्या तालुक्यातही साखर कारखाना आहे, तिथे दुसरीकडून टोळ्या येतात. निघण्याआधी मुकादम मजुरांना काही रक्कम आगाऊ देतो. तीच उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, एकटं माणूस असेल तर अर्धा कोयता. मग चार-पाच महिने पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि टनावर जे होईल त्यातून उचल फेडायची. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या हंगामावर. म्हणजे पुढच्या वर्षी कुठे जायचं, कोणाबरोबर जायचं, हे आधीच ठरलेलं. आजारी पडलं तरी खाडा करायची भीती.

उचल दिसते मदतीसारखी. घरात लग्न असतं, दवाखाना असतो, त्या वेळी हातात पैसे येतात. पण ती माणसाला बांधून ठेवते. शहरातल्या आपल्या पिढीला ईएमआय माहीत आहे, त्यावरून थोडा अंदाज येईल.

आता स्वतःला विचारा. देवाची कृपा आपण उचलीसारखी घेतो का? "देवाने मला एवढं दिलं, आता मला फेडावंच लागेल." मग सेवा म्हणजे हप्ता, प्रार्थना चुकली की खाडा, आणि संकट आलं की वाटतं, बाकी राहिली होती, ती वसूल होतेय. अशा माणसाला देव मुकादमासारखा दिसतो. त्याच्या तोंडी "थँक यू लॉर्ड" असतं, पण मनात धाकधूक असते.

मराठीत "उपकार" हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो. उपकार मानतात, आणि उपकार फेडतात. माणसामाणसांत कधीकधी फेडणं योग्यही असतं. पण आपल्या शास्त्रात आणि गीतांत देवापुढे जो शब्द आला तो उपकारस्तुती, उपकारफेड नव्हे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतही कृपेचा शब्द "खारिस" आणि उपकार मानण्याचा शब्द "युखारिस्तिया", दोन्ही एकाच कुळातले आहेत. कृपा जिथे पोहोचते तिथे तोंडातून स्तुती निघते.

वाँटेज ते केडगाव

परदेशात उपकार घेतले आणि त्यांचं काय करायचं हे ज्यांना फार चांगलं उमगलं होतं, अशी एक व्यक्ती आपल्याच महाराष्ट्रातली आहे. पंडिता रमाबाई. नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण आजच्या वचनाच्या उजेडात त्यांच्याकडे पुन्हा पाहू.

त्यांची सुरुवातच भटकंतीत झाली. १८५८ साली गंगामूळच्या रानात जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणं सांगत तीर्थातीर्थांतून फिरायचे, कुटुंब बरोबर. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८० साली लग्न झालं, १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्याने गेले. हातात लहानगी मनोरमा. "भटकणारा अरामी" हे शब्द त्यांना वेगळे समजावून सांगायची गरज नव्हती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. "स्त्रीधर्मनीति" ह्या स्वतःच्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्चाची सोय झाली. वाँटेज नावाच्या छोट्या गावातल्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला. रमाबाई त्या भगिनींना मराठी शिकवायच्या आणि स्वतः इंग्रजी शिकायच्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला तिथे त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

आपल्या साक्षीत त्या एक प्रसंग सांगतात. भगिनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला घेऊन गेल्या. समाजाने "पतित" म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे काम चालायचं. ह्या बायकांना कोणी प्रेमाने जवळ करतं, त्यांना उभं करतं, हे रमाबाईंना नवीन होतं. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तर म्हणून भगिनीने योहानाचा चौथा अध्याय काढला, येशू आणि विहिरीवरची शोमरोनी स्त्री. रमाबाईंच्या मनात ख्रिस्ताविषयी जे घडलं, त्यात त्या दिवसाची मोठी जागा आहे.

आता ह्या भगिनींचे उपकार लहान होते का? अन्न, निवारा, शिक्षण, आणि येशूची ओळख. तरी रमाबाई त्या उपकाराखाली दबल्या नाहीत. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्यांनी विचारलं. त्रैक्यासारख्या सिद्धांतावर पटेपर्यंत वाद घातला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत होत्या. त्यांनी पुरुषांना शिकवावं की नाही ह्यावर काही बिशपांनी हरकत घेतली, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. भगिनींना त्यांनी लिहिलेली पत्रं आज छापील स्वरूपात आहेत. त्यांत प्रेम आहे, आदर आहे, आणि माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाकडे गहाण ठेवलेली नाही हा ठामपणाही आहे. उचल घेतलेला माणूस असं बोलू शकत नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं तिथे राहिल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं मदत देण्याचं मान्य केलं. त्या देशाचं त्यांनी मराठी पुस्तकात भरभरून कौतुक केलं, आणि तिथल्या गुलामगिरीच्या इतिहासावर, वर्णभेदावर टीकाही केली. उपकार मानायचे म्हणजे डोळे मिटायचे, असं त्यांना वाटलं नाही.

मग त्या परत आल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढे ते पुण्याला गेलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. दुष्काळात माणसाचं काय होतं हे त्यांच्या अंगावरून गेलेलं होतं. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. आणि त्याच केडगावला, फुलहॅमला ज्यांच्यासाठी काम पाहिलं होतं तशाच स्त्रियांसाठी त्यांनी एक घर काढलं. त्याचं नाव ठेवलं "कृपा सदन".

मी हे नाव वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ बसले. जे दान त्यांना फुलहॅममध्ये दिसलं, ते त्यांनी इंग्लंडला परत केलं नाही. इंग्लंडला त्याची गरजही नव्हती. ते टोपलीत घालून त्यांनी इथे आणलं, आणि ज्यांचा कशातच वाटा नव्हता त्यांच्यापुढे ठेवलं. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत शास्त्राचं भाषांतर करायला घेतलं, तेही साध्या बायकांना वाचता यावं म्हणून.

मावशीला मी आता हेच सांगते. कृपा इंग्लंडमध्ये होती म्हणून मला मिळाली नाही. देवाने ती तिथे दिली. आणि देव सोनपेठलाही आहे.

बारा संध्याकाळी

माझं स्वतःचंही थोडं सांगते. परदेशातून आलेल्या नर्सला इंग्लंडमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. माझी परीक्षा जवळ आली होती, ड्युटी संपवून खोलीवर आलं की बोलायलाही कोणी नसायचं. तिथल्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्स आजी म्हणाल्या, माझ्याकडे ये. बारा संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही सराव केला. त्या पेशंट व्हायच्या, खुर्चीत बसून कण्हायच्या, आणि मी हात धुण्यापासून नोंदी लिहिण्यापर्यंत सगळं करून दाखवायचे. मी पास झाले. त्यांना काय द्यावं, हा विचार मला कितीतरी दिवस पुरला. पैसे त्यांनी घेतले नाहीत. भेटवस्तू नेली तर म्हणाल्या, मी पहिल्यांदा वॉर्डात उभी राहिले तेव्हा मलाही कोणीतरी असंच शिकवलं होतं. तिला मी कुठे काही दिलं?

एका शनिवारी बसने वाँटेजलाही जाऊन आले. बाजारात आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे, १८७७ सालचा. म्हणजे रमाबाई तिथे आल्या तेव्हा तो उभा होता. दोन वर्षांच्या मुलीला घेऊन, अनोळखी थंडीत, त्या ह्याच चौकातून गेल्या असतील. त्या गावात त्या उपऱ्या होत्या. मीही होते. आणि आम्हां दोघींना तिथे कोणीतरी पंगतीला बसवलं होतं.

कोपीतला चहा

आता हंगामात मंडळीतले आम्ही चार-पाच जण महिन्यातून दोनदा ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर जातो. फार मोठं काही करत नाही. मी बीपी बघते, गरोदर बायकांना कोणत्या दिवशी कुठे तपासणीला जायचं ते सांगते, मुलांची लस राहिली असेल तर आशाताईंना कळवते.

मागच्या हंगामात एका कोपीत आठवा महिना लागलेली एक बाई होती. सकाळपासून मोळ्या वाहून आलेली. मी बीपी घेतलं, जास्त निघालं, तिला आणि तिच्या नवऱ्याला दवाखान्याचं पटवलं आणि उठले. तर ती म्हणाली, "ताई, आमच्याकडं आलात अन् च्या घेतल्याबिगर कशा जाल?" तिने पोतं अंथरलं, तीन दगडांच्या चुलीवर गुळाचा कोरा चहा ठेवला. पिण्याचं पाणी ती लांबून आणत होती. मी बसले आणि चहा घेतला.

अकरावं वचन मला त्या पोत्यावर जास्त समजलं. मी समजत होते की टोपली माझ्या हातात आहे आणि उपरी ती आहे. पण त्या पंगतीत वाढणारी तीच होती. देवाने "तू, लेवी आणि उपरी" एकाच वाक्यात बसवले आहेत, कोण देणारा आणि कोण घेणारा हे तिथे कायमचं ठरवून ठेवलेलं नाही.

लूक १७ मध्येही असंच आहे. दहा कोडी बरे झाले, त्यांतला एक उपकार मानायला परत आला, आणि तो शोमरोनी होता. येशूनेच त्याला परका म्हटलं. बाकीच्या नऊ जणांचा बरेपणा येशूने काढून घेतला नाही, हेही लक्षात घ्या. ती उचल नव्हती. पण येशूच्या पायांशी येण्याचा आनंद फक्त त्या एकाला मिळाला.

ह्या आठवड्यासाठी

तुम्ही परदेशात असा, पुण्यात फ्लॅटमध्ये असा किंवा व्हिसाची वाट बघत गावी असा, ह्या आठवड्यात तीन गोष्टी करून बघा.

१. टोपली भरा. पगार आला की पहिल्या दिवशी एक भाग बाजूला काढा. पैसेच असं नाही, एखादी संध्याकाळ, एखादं कौशल्यही चालेल.

२. गोष्ट सांगा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा की आपलं कुटुंब कुठून आलं, कोणत्या दुष्काळात कोणी सांभाळलं, शाळेची फी कोणी भरली. लिहून ठेवा. तुमची साक्ष व्हिसापासून सुरू होत नाही, त्याच्या फार आधीपासून सुरू होते.

३. पंगत वाढवा. तुमच्या इमारतीचा वॉचमन, पीजीत नवीन आलेली मुलगी, ऑफिसात मराठी न येणारा सहकारी. त्यांपैकी एकाबरोबर जेवा. आणि त्याने काही वाढलं तर नाही म्हणू नका.

प्रार्थना

हे दयाळू पित्या, तू आम्हांला दिलंस ते मोजून परत मागण्यासाठी दिलं नाहीस, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो. दूर देशी आम्ही उपरे होतो तेव्हा ज्यांनी आम्हांला जवळ केलं, त्यांना आशीर्वाद दे. ज्यांची दारं अजून उघडली नाहीत, त्यांना तुझी कृपा आज, ते आहेत तिथेच कळू दे. उचलीखाली वाकलेल्या आमच्या बंधुभगिनींना मोकळं कर, आणि त्यासाठी आमचे हात वापर. आमची टोपली भरलेली असो की अर्धी, ती तुझ्यापुढे आनंदाने आणायला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.